कुलाब्याची चुंबकसूची आणि सूर्याचा वारा

मराठीत 'अवकाश' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मोकळी जागा आणि दुसरा मोकळा वेळ. 'जेवणाला अजून अवकाश आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा मध्ये काही घडावयाचे नाही, नुसती वाट पाहावयाची आहे, असाच त्याचा भाव असतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधील पंधरा कोटी किलोमीटरांच्या अंतराविषयी शास्त्रज्ञांची समजूत पुष्कळ काळपर्यंत याहून वेगळी नव्हती. तेथे काही नाही. प्रकाश तेवढा येतो आणि गुरुत्वाकर्षण तेवढे काम करते, बाकी सारी पोकळी. ही समजूत चुकीची ठरण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत जो वाद झाला त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहो. या वादातील एक मोठा पुरावा मुंबईत कुलाब्याच्या टोकाशी एका वहीत लिहिला गेला आणि १४४ वर्षांनी त्याची पुरती किंमत कळली. म्हणून ही हकीकत दूर देशीची असूनही काही अंशी आपल्या घरची आहे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली ती ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांना बिनचूक वेळ कळावी म्हणून. चुंबकाचे काम तेथे पुढे १८४१ साली सुरू झाले. त्याचे कारण युरोपात होते. गाउस आणि वेबर या जर्मन पंडितांनी गटिंगेन येथे असा उपक्रम काढला होता की, पृथ्वीवर ठिकठिकाणी लोकांनी एकाच घटकेस चुंबकसूचीची नोंद करावी आणि त्या नोंदी एकत्र मिळवून पाहाव्यात. इंग्रजांनी तीच कल्पना उचलली, आणि त्यांच्या साम्राज्याचा पसारा मोठा असल्यामुळे मद्रास, सिमला, सिंगापूर, मुंबई अशा जागी यंत्रे बसली. प्राध्यापक ऑर्लिबार हे कुलाब्यास प्रमुख होते. बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, आणि केरूनाना छत्रे हे तर अगदी कोवळ्या वयात येथे पन्नास रुपये पगारावर सहायक म्हणून लागले व सुमारे दहा वर्षे राहिले. पुढे पुण्यास टिळकांना गणित शिकविणारे केरूनाना आपणांस ठाऊक असतात. परंतु या गणितीचा हात आकड्यांवर बसला तो रात्री-अपरात्री दिव्याच्या उजेडात सूचीचे आकडे टिपताना, हे सहसा कोणी सांगत नाही.

हे काम होते तरी कसे? बारीक तंतूने टांगलेला एक चुंबक, त्याला चिकटविलेला लहानसा आरसा, समोर काही अंतरावर मोजपट्टी आणि दुर्बीण. चुंबक केसभर हलला तरी आरशातील पट्टीचा आकडा सरकतो. तो दुर्बिणीतून वाचावयाचा आणि वहीत लिहावयाचा. तासातासाला, दिवसा आणि रात्री, सणवार न पाहता. कशासाठी, हे त्या वेळी नीटसे कोणालाच सांगता आले नसते. सूची रोज थोडी हलते, कधी फार हलते. फार हलली की त्यास 'चुंबकीय वादळ' म्हणावयाचे. नाव मिळाले, कारण मिळाले नव्हते. १८५२ साली सॅबाइन यांनी एवढे दाखविले होते की, सूर्यावरील डाग ज्या काळात वाढतात त्या काळात ही वादळेही वाढतात.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडात रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा गृहस्थ पडद्यावर सूर्याचे बिंब घेऊन डागांची चित्रे काढीत होता. एकाएकी एका मोठ्या डागसमूहावर दोन पांढरेशुभ्र प्रकाशाचे ठिपके उमटले. दुसऱ्या कोणाला तरी दाखवावे म्हणून तो धावत गेला आणि परत येऊन पाहतो तो प्रकाश मावळत चाललेला. सारा प्रकार पाच मिनिटांचा. सुदैवाने हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही तो पाहिला होता, नाहीतर कॅरिंग्टनवर विश्वास कोणी ठेवला असता? यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर सर्वत्र चुंबकसूच्या वेड्यासारख्या हलू लागल्या. जो ध्रुवीय प्रकाश उत्तरेकडील लोकांनीच पाहावयाचा, तो क्युबासारख्या उष्ण प्रदेशात दिसला. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी आपल्या बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारेत आपोआप उत्पन्न झालेल्या विजेवर संदेश पाठविले.

त्या वेळी मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याचा नियम असा की, सूची अस्वस्थ झाली तर तासाची वाट न पाहता पंधरा, वेळ पडल्यास पाच मिनिटांनी आकडा घ्यावयाचा. तो नियम त्या दिवशी पाळला गेला. मुंबईस पृथ्वीच्या चुंबकत्वाचे आडवे बल आजच्या मापाने अडतीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असते आणि रोजचा चढउतार काही दशकांचा. त्या सकाळी दुपार होण्यापूर्वी हे बल सुमारे सोळाशेने खाली आले आणि थोड्याच वेळात बरेचसे परत वर चढले. युरोपातील कित्येक ठिकाणी यंत्रे पट्टीच्या बाहेर गेल्यामुळे नोंदी तुटल्या होत्या. कुलाब्याची राहिली. ती वहीत लिहिली गेली, पुढे छापली गेली आणि कपाटात जाऊन बसली.

कॅरिंग्टनला प्रकाश व वादळ यांचा संबंध असावा असे वाटले. पण एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये असे त्याने स्वतःच बजावले. त्याची ही सावधगिरी योग्यच होती. परंतु ज्यांच्या शब्दाला त्या काळी सर्वांत अधिक वजन होते त्या लॉर्ड केल्व्हिन यांनी सावधगिरीच्या पुढे जाऊन दारच बंद केले. १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी एक हिशेब मांडला. १८८५ च्या जून महिन्यातील आठ तासांचे एक मध्यम वादळ सूर्याने घडविले असे मानले, तर त्या आठ तासांत सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी शक्ती खर्चावी लागली असती. हे अशक्य आहे, सबब सौर डाग आणि वादळे यांचा मेळ हा निव्वळ योगायोग होय.

हिशेबात बेरीज-गुणाकाराची चूक नव्हती. चूक गृहीतात होती. केल्व्हिन यांनी असे धरले की, सूर्य हा एक अवाढव्य चुंबक असून त्याचा परिणाम रिकाम्या जागेतून दिव्याच्या उजेडासारखा सर्व दिशांना सारखा पसरतो. दिव्याऐवजी पिचकारी धरली तर? पिचकारीने समोरच्या माणसास भिजविण्यास सगळे अंगण पाण्याने भरावे लागत नाही. पण पिचकारी मानावयाची म्हणजे सूर्यापासून काही पदार्थ निघतो असे मानावे लागते, आणि मध्ये तर पोकळी! मोठ्या माणसाची चूकही मोठी माणसे बरोबर घेऊन चालते. पुढची पुष्कळ वर्षे हा प्रश्न हाती घेणे म्हणजे भोळेपणा मानला जाई.

तो भोळेपणा नॉर्वेतील क्रिस्टियान बर्कलँड याने केला. या माणसाच्या चरित्रात एक कादंबरी आहे. १८९६ च्या सुमारास त्याने असे मत मांडले की, सूर्यापासून विद्युत्कण निघतात, पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळविते, आणि तेथे ते हवेवर आदळून ध्रुवीय प्रकाश उत्पन्न होतो. नुसते मत मांडून तो थांबला नाही. हवा काढलेल्या काचेच्या पेटीत त्याने एक चुंबकीय गोळा, म्हणजे लहानशी पृथ्वीच, टांगली आणि तिच्यावर ऋणकिरण सोडले. गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. मग खरी पृथ्वी पाहावी म्हणून नॉर्वेच्या उत्तर टोकाशी हाल्डे पर्वताच्या माथ्यावर त्याने वेधशाळा बांधली. तेथील बर्फात त्याचा एक तरुण सहायक हिमलोटाखाली सापडून गेला. १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्याने नॉर्वे, आइसलंड, स्पिट्सबर्गेन आणि नोवाया झेम्ल्या अशी चार ठाणी बसविली आणि त्या नोंदींवरून अनुमान काढले की, वादळाच्या वेळी विजेचे प्रचंड प्रवाह अवकाशातून उभे खाली उतरतात, काही अंतर वातावरणातून आडवे वाहतात आणि पुन्हा उभे वर जातात.

या सगळ्याला पैसा लागे. तो मिळविण्यासाठी बर्कलँडने विजेची तोफ बनविली! १९०३ साली विद्यापीठाच्या सभागृहात प्रतिष्ठित पाहुण्यांसमोर प्रयोग झाला. कळ दाबताच गोळा सुटण्याऐवजी आत ठिणगी पडून मोठा जाळ आणि कडकडाट झाला, आणि मंडळी घाबरली. तोफ संपली. पण थोड्याच दिवसांत साम आयडे नावाच्या एंजिनिअराशी त्याची गाठ पडली. आयडेला हवेतील नायट्रोजनपासून खत करावयाचे होते व त्यासाठी त्याला भयंकर ऊन्हाची वीज हवी होती. तोफेतील तो फसलेला जाळच बर्कलँडने त्याच्या हवाली केला. १९०५ साली निघालेला नॉर्स्क हायड्रो हा कारखाना या जोडीच्या कृतीवर उभा राहिला. ज्यांच्या शेतात ते खत पडले त्यांना ध्रुवीय प्रकाशाशी आपला काही संबंध आहे याची कल्पनाही नसेल.

बर्कलँड १९१७ साली टोकियोच्या एका हॉटेलात झोपेच्या औषधाच्या अतिसेवनाने मरण पावला. नोबेलसाठी अनेक वेळा नाव सुचविले गेले, मिळाले नाही. आणि त्याच्या उभ्या प्रवाहांचे पुढे काय झाले? सिडनी चॅपमन यांनी ते बाजूस सारले.

चॅपमन हे या हकीकतीतील खलपुरुष आहेत असे कित्येक लेखक रंगवितात. आम्हांस ते पटत नाही. ते थोर गणिती होते आणि त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. एकाच जातीच्या विद्युत्कणांचा झोत एकमेकांस ढकलून वाटेतच फुटून जाईल, ही गोष्ट शूस्टर व लिंडमन यांनी दाखविली होती. झोत यावयाचा तर त्यात धन आणि ऋण दोन्ही कण सारखे मिसळलेले हवेत. अशा मिश्रणाला पुढे १९२८ साली लँगम्यूर याने 'प्लाझ्मा' हे नाव दिले. रक्तातील पेशी वाहून नेणाऱ्या द्रवाचे नाव त्याने विजेच्या शास्त्रात आणले. चॅपमन व फेरारो यांनी १९३०-३१ साली असा झोत पृथ्वीवर येतो असे मानून वादळाचे गणित बसविले. मात्र हे झोत कधीमधी येतात, एरवी पोकळीच, आणि जमिनीवरील नोंदी वरच्या हवेतील आडव्या प्रवाहांनी समजावून देता येतात, उभ्यांची गरज नाही, असा त्यांचा आग्रह राहिला. जमिनीवरच्या यंत्रांनी या दोन कल्पनांत निवाडा करता येत नाही, ही खरी अडचण होती. निवाडा होत नाही तोवर ज्याचे गणित देखणे त्याचा जय होतो.

येथे पुन्हा मुंबईकडे वळले पाहिजे. कारण चॅपमन यांच्या गणिताखाली जी नोंदींची भरणी होती तिच्यात कुलाब्याचा वाटा होता. १८९६ साली नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यासमोर संकट उभे राहिले ते ट्रामचे. मुंबईच्या ट्रामगाड्या तोवर घोडे ओढीत. आता त्या विजेवर चालावयाच्या होत्या, आणि रुळांतून वाहणाऱ्या विजेने चुंबकसूची सदाचीच बिघडली असती. मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडले आणि १९०४ साली तेथे लोखंडाचा खिळासुद्धा न वापरता वेधगृह उभारले. त्यातले मर्म पुढेच आहे. कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले असते, तर दोन ठिकाणचे आकडे कायमचे तुटले असते. म्हणून १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या आणि फरक काढून सांधा जुळविला. विजेच्या ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावू लागल्या तेव्हा कुलाब्याची सूची सुखरूप अलिबागेस पोचलेली होती. १९१० साली मूस यांनी १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. त्यात त्यांनी अनेक वादळे एकावर एक ठेवून सरासरी वादळाचा आकार काढला. हीच रीत चॅपमन यांनी पुढे वाढविली.

त्या आकाराचा अर्थ आज आपण सांगू शकतो. सूर्याकडून आलेल्या प्लाझ्म्यातील काही कण पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकतात आणि विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरू लागतात. विजेचे एक कडेच तयार होते. या कड्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट असते, म्हणून जमिनीवरचे बल उतरते. ध्रुवाजवळच्या वेधशाळांत इतर प्रवाहांचा गोंधळ फार. अगदी चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे केरळ-तमिळनाडूच्या टोकाकडे, दिवसा हवेत वाहणाऱ्या दुसऱ्या एका प्रवाहाची गडबड. मुंबई-अलिबाग या दोहोंच्या मध्ये. कंपनी सरकारने जागा निवडली ती बंदर पाहून, पण कड्याचे माप घेण्यास तिच्याइतक्या सोयीच्या जागा थोड्या.

बर्कलँडची बाजू स्वीडनच्या हान्नेस आल्फव्हेन यांनी उचलली. १९३९ साली वादळांविषयीचा त्यांचा लेख एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकाने परत केला, तो त्यांनी मायदेशी छापला. १९४२ साली त्यांनी असे प्रतिपादिले की, चुंबकत्वाच्या रेषा प्लाझ्म्यात ताणलेल्या तारांसारख्या असतात आणि त्या छेडल्या की त्यांवर लाटा धावतात. यावरही काही वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. १९७० साली याच कामाकरिता त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी चॅपमन वारले.

मधल्या काळात पोकळीचा प्रश्न सुटला होता. धूमकेतूचे शेपूट सदा सूर्यापासून दूर का वळते याचा विचार करीत बीरमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९५१ साली म्हटले की, सूर्यापासून कणांचा झोत अखंड येत असला पाहिजे. चॅपमन यांनी गणिताने दाखविले की, सूर्याचे तप्त प्रभामंडल पृथ्वीच्याही पलीकडे पसरलेले असणार. शिकागोच्या तरुण यूजीन पार्करने या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या आणि १९५८ साली निष्कर्ष काढला: इतके तापलेले मंडल स्थिर बसूच शकत नाही, ते सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर वाहते. हाच सौरवात. दोन्ही परीक्षकांनी लेख नाकारावा असे कळविले. संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना पटलेली नव्हती. परंतु गणितात चूक सापडत नाही, सबब छापला पाहिजे, असा त्यांनी निर्णय दिला. स्वतः चंद्रशेखर यांचे ताऱ्यांविषयीचे गणित १९३५ साली एडिंग्टन यांनी भर सभेत हसण्यावारी नेले होते. तो प्रसंग लेखावर सही करताना त्यांना आठवला असेल, असे आम्हांस वाटते. चारच वर्षांनी, १९६२ साली, शुक्राकडे जाणाऱ्या मॅरिनर-२ या यानाला वाटेत सारखा तो वारा लागत गेला.

बर्कलँडच्या उभ्या प्रवाहांचा निवाडाही उपग्रहांनीच केला. १९६३ साली सोडलेल्या एका अमेरिकन उपग्रहावरील चुंबकमापक ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना दर खेपेस विचलित होई. १९६६ साली हे प्रसिद्ध झाले, पुढच्याच वर्षी ते उभ्या प्रवाहांचे चिन्ह आहे हे ओळखले गेले आणि १९७३ च्या सुमारास ट्रायड उपग्रहाने त्यांचा नकाशाच हाती दिला. आता त्यांना 'बर्कलँड प्रवाह' असेच म्हणतात.

हा सारा पंडितांचा वाद असता तर त्याचा इतका विस्तार आम्ही केला नसता. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. २०२२ च्या फेब्रुवारीत एका मध्यमशा वादळाने वरची हवा फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक परत खाली येऊन जळून गेले. १८५९ साली माणसांपाशी तारायंत्राखेरीज बिघडण्याजोगे फारसे काही नव्हते. आज त्या वर्षीसारखे वादळ आले तर काय होईल, असा प्रश्न एंजिनिअर लोक विचारतात, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी प्रथम ते वादळ केवढे होते हे कळावे लागते.

२००३ साली कुलाब्याची ती वही उघडली गेली ती यासाठी. अमेरिकेचे त्सुरुतानी, ब्राझीलचे गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व अ‍ॅलेक्स यांनी त्या आकड्यांवरून वादळाचे माप काढले. क्वेबेक अंधारात टाकणारे वादळ ५८९ नॅनोटेस्लांचे. कुलाब्याची घसरण सोळाशेची. २०२४ च्या मे महिन्यात जे वादळ आले आणि लडाखमध्ये हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाश तांबडे झालेले टिपले, ते चारशेच्या घरातले होते.

त्यानंतर पार्करच्या नावाचे यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यापासून सुमारे एकसष्ट लाख किलोमीटरांवर जाऊन आले. पार्कर यांनी नव्वदी ओलांडल्यावर २०१८ साली त्याचे उड्डाण स्वतः पाहिले आणि २०२२ साली ते वारले. आपले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरील आपल्या जागी पोचले. त्यावरील सूर्याचे अतिनील चित्र घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केली आहे.

कुलाब्याच्या सोळाशेवरचा वाद मात्र संपलेला नाही. इतक्या थोड्या वेळात उतरून चढलेली घसरण केवळ कड्याच्या प्रवाहाने होईल काय, अशी शंका अनेकांनी घेतली. तासाची सरासरी धरली तर आकडा नऊशेच्या आसपास येतो, असे त्यांनी दाखविले. आणि अलीकडे काही संशोधकांचे म्हणणे असे की, त्या सकाळी बर्कलँडचे उभे प्रवाहच नेहमीची ध्रुवाकडील जागा सोडून इतके दक्षिणेस सरकले असावेत की, कुलाब्याच्या सूचीने त्यांचाही धक्का टिपला. बर्कलँड आणि चॅपमन यांचे भांडण अशा रीतीने त्या एका पानावर पुन्हा येऊन ठेपले आहे. निकाल लावण्यासाठी दोन्ही पक्ष पाच-पाच मिनिटांचे तेच आकडे तपासीत आहेत, आणि तुलनेसाठी अलिबागेच्या नव्या नोंदी मागवीत आहेत.